आल्याची बीअर: घरी फसफसतं पेय करायला शिकताना

घरी बीअर करून बघायची हौस हल्ली बऱ्याच जणांना असते. पुण्यात एखाद्या मायक्रोब्रुअरीतल्या चकचकीत टाक्या बघून गावाकडे परत आलं की डोक्यात किडा वळवळायला लागतो. जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं), यीस्ट आणि पाणी एवढ्यात बीअर होते, मग आपल्या स्वयंपाकघरात का होऊ नये? होईल की. अडचण कृतीची नाही, कायद्याची आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. त्या मद्याच्या व्याख्येत बीअर नाव घेऊन बसवलेली आहे. ‘विकत नाही, घरापुरती करतोय’ ही सबब तिथे चालत नाही. त्यामुळे जवाच्या बीअरची कृती या लेखात मिळणार नाही.

मिळेल ती आल्याची बीअर, म्हणजे जिंजर बीअर. हिच्यात ना जव, ना हॉप्स. आलं, लिंबू, मोजून घातलेली थोडी साखर आणि घरीच धरलेलं विरजण, बस. पण बीअर करणाऱ्याला जे जे यावं लागतं ते सगळं इथेही लागतं: यीस्ट जिवंत ठेवणं, भांड्यांची स्वच्छता, उबाऱ्याचा अंदाज आणि बाटलीतला दाब. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक कृतींमध्ये नेमकी तीच एका ओळीत उरकलेली असते.

इंग्लंडात हे पेय अठराव्या शतकापासून होत आलंय. त्याचं विरजण, साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे, शेजारीपाजारी एकमेकांना देत असत. आत नक्की काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवलं की तिथे एक यीस्ट आणि एक जीवाणू जोडीने नांदतात. (याच वॉर्डने त्याआधी सिलोनमध्ये कॉफीवरच्या तांबेऱ्याचा छडा लावला होता.) आपण ते दाणे शोधत बसायचं नाही. आल्याच्या सालीवर यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू मुळातच असतात, त्यांनाच वाढवायचं.

आणि आल्याच्या बाबतीत आपण सुदैवी. सातारा, कोरेगाव, कऱ्हाड या तालुक्यांत आलं हे मोठं नगदी पीक आहे. इथे शेतकरी आल्याचा भाव किलोवर सांगत नाही, ‘गाडी’वर सांगतो, आणि गाडी म्हणजे ५०० किलो. आपल्याला एका खेपेला लागणार १५० ग्रॅम. भाव कितीही चढला तरी फरक पडत नाही.

आधी साखरेचं गणित

हा भाग ओलांडून थेट कृतीवर जाऊ नका. बाकी काही चुकलं तर पेय बिघडेल, हे चुकलं तर बाटली फुटेल.

यीस्टने १ ग्रॅम साखर पूर्ण खाल्ली की ढोबळमानाने अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होतं. दुकानातल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साधारण ६ ते ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. तेवढा दाब सहन होईल अशाच बेताने त्या बाटल्या बनवलेल्या असतात. आता परदेशी कृती उघडून बघा. लिटरला अर्धी वाटी, कधी वाटीभर साखर. १०० ग्रॅम धरली तर ती पुरती आंबल्यावर ५० ग्रॅम वायू होईल. कोणतीही बाटली तो दाब धरणार नाही. त्या कृती ‘दोन दिवसांनी लगेच फ्रीजमध्ये ठेवा’ या एका वाक्यावर उभ्या असतात. त्यांच्याकडचे दोन दिवस १८-२० अंशांचे. आपल्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, दुपारी वीज जाते, फ्रीज बंद पडतो, आणि घरचे सगळे लग्नाला गेलेले असतात.

म्हणून मी उलटी रीत सांगतो. बाटलीत साखर इतकीच घालायची, की ती सगळीच्या सगळी आंबली तरी बाटलीला काही होणार नाही. गोडी बाटलीत ठेवायचीच नाही, पिताना पेल्यात घालायची. लिटरला एकूण ७ ग्रॅमच्या आसपास साखर म्हणजे साडेतीन ग्रॅम वायू. फेस कोल्ड्रिंकपेक्षा सौम्य येतो, पण येतो, आणि जिभेला बारीक टोचतो. एखादा दिवस जास्त राहिली म्हणून बाटलीचा बॉम्ब होत नाही.

याचा दुसरा फायदा अल्कोहोलचा. लिटरमध्ये ४ ग्रॅम अल्कोहोल म्हणजे साधारण अर्धा टक्का. वरच्या मापाने आपण त्याच्या आसपास, बहुतेक वेळा त्याखालीच राहतो, कारण साखरेतला काही वाटा लॅक्टिकवाले जीवाणू आम्लाकडे वळवतात. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्यात धरलं जातं. तेव्हा ‘जरा जास्त साखर घालून बघू, किक येते का’ हा विचार मनात आला तर तिथेच सोडा. तो तुम्हाला पहिल्या परिच्छेदातल्या कायद्याकडे घेऊन जातो.

तरीही अल्कोहोल शून्य नसतं, हे लपवून पाजू नका. लहान मुलं, गरोदर बायका आणि दारू सोडण्याचं औषध चालू असलेली माणसं यांना हे देऊ नये. घरात माळकरी कुणी असेल तर आधी सांगून टाका आणि त्यांच्यासाठी साधं आलं-लिंबू सरबत वेगळं करा.

आलं कसं निवडायचं

मंडईत दोन प्रकारचं आलं दिसतं. एक प्रेशरच्या पाण्याने धुऊन गोरंपान केलेलं, दुसरं अजून माती लागलेलं. विरजणासाठी दुसरं घ्या. साल शाबूत हवी, कारण आपले जीवजंतू सालीवरच आहेत. डोळे टपोरे, मोडल्यावर कडकन आवाज, आणि मोडलेल्या जागी रस दिसायला हवा. कंद दाबून बघा; मऊ, पाणचट लागला किंवा कुबट वास आला तर कंदकुज लागलेली आहे, ते आलं बाजूला.

नवं आणि जुनं हा भेद खरेदीच्या वेळी शेतकरी-व्यापाऱ्यांत वादाचा असतो, आपल्याला मात्र दोन्ही चालतात. नव्याची साल पातळ, रस भरपूर, तिखटपणा कमी. जुनं दोरेदार आणि जहाल. मी विरजणाला नवं आणि उकळायला जुनं घेतो. तिखटपणा जिंजेरॉलचा असतो; आलं वाळलं किंवा उकळलं की त्यातल्या काहीचं शोगाओल होतं आणि ते आणखी झणझणीत लागतं. सुंठ ओल्या आल्यापेक्षा तिखट का, त्याचं हेच कारण. त्यामुळे नवंच आलं मिळालं आणि पेय मिळमिळीत वाटलं तर उकळताना पाव चमचा सुंठ घाला.

एक इशारा गावाकडच्यांसाठी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागवड सुरू होते आणि घरात बेण्याचं आलं उरलेलं असतं. ते कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका. बेणेप्रक्रियेत ते बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवलेलं असतं. धुऊन ते जात नाही.

सामान

साधारण अर्ध्या लिटरची काचेची बरणी, रुंद तोंडाची. स्टीलचं पातेलं. पातळ सुती फडकं आणि रबर. बारीक गाळणी, नरसाळं. एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर चहाचा सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम साखर धरा. ॲल्युमिनियमचं भांडं नको. पितळेचं नको, कल्हई केलेलं असलं तरी नको. लिंबाचं आणि आंबण्याचं आम्ल त्यात उतरतं.

बाटल्या प्लॅस्टिकच्याच, कोल्ड्रिंकच्या किंवा सोड्याच्या, अर्धा लिटरच्या. पाण्याच्या पातळ बाटल्या चालत नाहीत, त्या दाबासाठी नसतात. काचेचा मोह सुरुवातीला आवरा. सरबताच्या, मधाच्या, सॉसच्या बाटल्या दाबासाठी केलेल्या नसतात, आणि चौकोनी काच तर कोपऱ्यातच तडकते. गोटी सोड्याची बाटली मजबूत असते खरी; १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने तिचं पेटंट घेतलं, आणि आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर येऊन तोंडाशी बसावी अशी तिची रचना आहे. पण ती यंत्रावर उलटी धरून, दाबाखाली भरतात. घरी जमणारं काम नाही ते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा खरा गुण असा, की अंगठ्याने दाबून आतलं कळतं. काच काहीच सांगत नाही.

पाणी: साताऱ्यात कासचं पाणी पिणाऱ्यांना चवीची चिंता नाही, पण नळाला येईपर्यंत त्यात क्लोरीन पडलेलं असतं, आणि विरजणाचा पहिला शत्रू तोच. पाणी झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळा, गार करा, मग वापरा. बोअरचं पाणी फार जड असेल तर फिल्टरचं घ्या.

विरजण धरणं

बरणी साबणाने धुऊन खळखळीत गरम पाण्याने विसळून घ्या. थंड काचेवर एकदम उकळतं ओतू नका, आधी कोमट पाणी फिरवा. बरणीत २५० मिली गार केलेलं पाणी, सालीसकट किसलेलं आलं १ मोठा चमचा, साखर १ चहाचा चमचा. आलं किसण्याआधी माती नीट घासून धुवायची. साल ठेवायची आहे, चिखल नाही. ढवळा, फडकं बांधा, ओट्याच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे ऊन पडत नाही.

झाकण नको, फडकंच हवं, पण ते घट्ट बांधलेलं. आंबूस वासाला चिलटं येतात, आणि चिलटांच्या पायांवर व्हिनेगर करणारे जीवाणू असतात. एक चिलट आत बुडालं की आठवड्याने तुमच्याकडे आल्याची बीअर नसते, आल्याचा शिरका असतो.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा: १ चमचा किसलेलं आलं, १ चहाचा चमचा साखर, आणि चांगलं ढवळणं. शक्यतो वेळ ठरवून घ्या, सकाळच्या चहाबरोबर सोपं पडतं. जास्त साखर घालून घाई करू नका. मापाबाहेर साखर पडली की विरजणातूनच ती बाटलीत जाते आणि वरचं सगळं गणित कोलमडतं.

काय दिसेल? पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि बरणीच्या कडेने बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. मग एका सकाळी चमचा घातला की सोड्यासारखा सुर्रर आवाज येतो आणि सगळं आलं वर येऊन तरंगतं. वास आल्याचा, थोडा यीस्टचा, थोडा आंबट. झालं विरजण. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत होतं, थंडीत आठवडा जातो. डिसेंबरात साताऱ्यात पहाटे पारा चांगलाच उतरतो, तेव्हा बरणी फ्रीजच्या मागच्या उबदार बाजूला सरकवा. २५ ते ३० अंश हा यीस्टचा आवडता उबारा.

आम्लता तपासायची असेल तर पीएच पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. ४.६ च्या खाली आकडा आला की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढण्याची धास्ती संपते. चांगलं विरजण सहसा त्याच्या बरंच खाली जातं.

आणि टाकून कधी द्यायचं? वर केसाळ बुरशी दिसली, मग ती हिरवी असो, काळी असो की पांढरी, तर सगळं टाका. वरचा थर काढून खालचं वापरायचा काटकसरीपणा इथे नको. पावसाळ्यात बुरशीचं प्रमाण वाढतं. त्या दिवसांत दिवसातून दोनदा ढवळा, म्हणजे वर तरंगणारं आलं कोरडं पडत नाही. पातळ, सपाट, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा ही बुरशी नसते, जंगली यीस्टचा थर असतो. अपाय नाही, पण चव उतरते, तेव्हा नव्याने सुरुवात केलेली बरी.

कधी कधी विरजणाला तार सुटते, चमचा उचलला की शेंबडासारखं ओघळतं. ल्युकोनोस्टॉक नावाचा जीवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतो, त्याची ही करामत. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना हा प्राणी चांगलाच परिचयाचा आहे: ऊस तोडून बरेच दिवस पडून राहिला की रसात डेक्स्ट्रान वाढतं आणि साखरेचे दाणे धरायला त्रास होतो. तारेचं विरजण विषारी नसतं, पण गिळवत नाही. टाका.

पेय करायचा दिवस

दोन लिटरचं माप देतो. आलं १५० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, लिंबाचा रस ६० मिली (रसाळ असतील तर तीन-चार लिंबं), चिमूटभर मीठ, विरजणाचं गाळलेलं पाणी ६० मिली. पाणी सव्वादोन लिटर, कारण थोडं उडून जातं.

आलं धुऊन सालीसकट खलबत्त्यात ठेचा. मिक्सरला लावलं तर पिठूळ स्टार्च सुटतो आणि बाटलीच्या तळाशी जाड साका बसतो. निम्म्या पाण्यात ठेचलेलं आलं घालून झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद उकळा. सुवास वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून इथे झाकण. उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात, वर सांगितल्यासारखं उघडं उकळून घ्या.

आल्याचं पाणी फडक्यातून गाळा, पिळून घ्या. चोथा टाकू नका, त्याचं पुढे सांगतो. त्यात साखर आणि मीठ विरघळवा, गार केलेलं दुसरं पाणी मिसळा. आता थांबायचं. मिश्रण मनगटावर टाकून बघा. ऊन लागलं तर अजून वेळ आहे. चाळीसच्या पुढच्या उबाऱ्याला यीस्ट थकतं, त्याहून गरम असेल तर मरतंच. गार वाटल्यावर लिंबाचा रस आणि शेवटी विरजण घालून ढवळा.

विरजण त्या दिवशी सकाळी खायला घालून आठ-दहा तासांनी, म्हणजे बुडबुडे जोरात असताना घ्यायचं. तेव्हा त्यातली बरीच साखर संपलेली असते, उरलेली आपल्या ७ ग्रॅमच्या हिशेबात बसते. काढलं तेवढंच पाणी बरणीत परत भरा, एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि विरजण पुढच्या खेपेसाठी तयार होत राहतं. बरणी आल्याने गच्च भरली की जुनं आलं थोडं काढून टाका.

याच वेळी चव घेऊन बघा. आंबट, तिखट आणि गोडी जवळजवळ नाही, अशीच लागली पाहिजे. ‘अरे, साखर विसरलास का’ असं कुणीतरी म्हणेलच. विसरलेली नाही.

बाटलीत

बाटल्या धुऊन, गरम (उकळत्या नव्हे, प्लॅस्टिक आकसतं) पाण्याने विसळून घ्या. नरसाळ्याने भरा, वर चार बोटं जागा सोडा. झाकण घट्ट. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा, कागदी चिकटपट्टीवर पेनाने चालतं.

आता रोज अंगठा लावायचा. भरल्या दिवशी बाटली दाबली की आत जाते. एक वेळ येते की ती दगडासारखी टणक लागते, न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी. उन्हाळ्यात एक-दोन दिवस, पावसाळ्यात तीन, थंडीत चार-पाच. टणक झाली की फ्रीजमध्ये. किमान एक रात्र गार होऊ द्या. गार पाण्यात वायू जास्त मुरतो, आणि ऊन बाटली घाईने उघडली तर निम्मं पेय छताला लागतं. मे महिन्यात ओटा तापत असेल तर बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून खाली फरशीवर, माठाशेजारी ठेवा.

फ्रीजमध्ये पंधरा दिवस सहज टिकतं, फक्त दिवसेंदिवस आंबट होत जातं. उघडताना सिंकवर धरा, झाकण थोडं सैल करा, सुस्कारा संपू द्या, मग पूर्ण उघडा.

बाटली टणक झालीच नाही तर? बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: झाकणाचा आटा झिजलाय, विरजण अशक्त होतं, किंवा थंडी. झाकण उलटं करून बघा, पेय झिरपतं का ते. विरजण अशक्त असेल तर आणखी साखर घालणं हा उपाय नाही. बाटली उबेत ठेवून दोन दिवस वाट बघायची. तरी नाही झाली तर ते चांगलं आलं-लिंबाचं पाणी आहे, पिऊन टाका.

गोडी पेल्यात

२०० ग्रॅम गूळ चिरून १५० मिली पाण्यात विरघळवा, एक उकळी आणा, गाळा. गुळात हमखास काहीतरी कचरा निघतो. हा पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन आठवडे चालतो. पेल्यात आधी एक-दोन चमचे पाक, मग बर्फ, मग पेला तिरका धरून पेय सावकाश. उलट केलं तर फेस ओट्यावर येतो.

गूळ थेट आंबवायला का घालत नाही, हे नेहमी विचारलं जातं. यीस्टला गूळ आवडतोच. पण प्रत्येक ढेपेत क्षार आणि ओलावा वेगळा, त्यामुळे साखरेचं माप नेमकं राहत नाही. शिवाय आंबलेल्या गुळाचा वास सगळ्या गावाला ओळखीचा आहे. शेजारी काय समजतील ते सांगायला नको.

सोबत खायला काय? सांगलीचं भडंग. लसणाचा आणि मिरचीचा ठसका वर आल्याच्या फेसाने धुतला जातो. साताऱ्याचे कंदी पेढे आवडत असले तरी ते यासोबत नकोत, आंबटाबरोबर दूध बसत नाही.

सांगलीकरांसाठी थोडं वेगळं

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात, साधारण जानेवारी ते मार्च, ओली हळद सहज मिळते. आल्याचा तिसरा हिस्सा काढून तेवढी ओली हळद ठेचून घाला. रंग झेंडूसारखा, चव मातकट आणि खोल. हात, फडकं आणि प्लॅस्टिकचं नरसाळं पिवळं होणार, ते गृहीत धरा. चिमूटभर मिरपूड घातली तर हळदीचा कडवटपणा कमी जाणवतो.

विरजण हटूनच बसलं असेल तर चार बेदाणे टाकून बघतात. इथे तासगावकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांना आहे: बाजारातला हिरवा-पिवळा देखणा बेदाणा बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेला असतो, आणि गंधक यीस्टला मारतो. द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, ते वेगळंच. त्यामुळे बेदाणा घ्यायचाच तर धुरी न दिलेला काळसर तपकिरी घ्या आणि कोमट पाण्याने धुवा. माझ्या मते मात्र बेदाण्यापेक्षा मातीचं ताजं आलं बदलून बघणं जास्त उपयोगी पडतं.

दोन-चार खेपा नीट जमल्या की कुणीतरी ‘विकायला लाग’ म्हणतंच. तो रस्ता वेगळा आहे: अन्न परवाना, प्रत्येक खेपेची अल्कोहोल तपासणी, लेबल, आणि त्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारणा. जत्रेत स्टॉल टाकून मग बघू, असं करू नका.

उरलंसुरलं

पिळलेल्या चोथ्यात चव बरीच शिल्लक असते. तो बारीक वाटून तेवढ्याच साखरेबरोबर कढईत आटवला की आलेपाकाच्या वड्या होतात, जरा दोरेदार, पण खोकल्याच्या दिवसांत कुणी तक्रार करत नाही. नाहीतर चोथा उन्हात वाळवून चहाच्या डब्यात टाका.

गावाला जायचं असेल तर विरजणाला एक चमचा साखर आणि एक चमचा आलं घालून झाकण सैल लावा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. तिथे ते झोपून राहतं. दर आठवड्याला एकदा खायला घालायला शेजारणीला सांगता आलं तर छान, नाही सांगितलं तरी दोन आठवडे तग धरतं. परत आल्यावर बाहेर काढा, निम्मं पाणी ओतून नवं भरा, दोन-तीन दिवस रोज खायला घाला. बुडबुडे पहिल्यासारखे आले की पुढची बाटली भरा, त्याआधी नाही.